गाभडलेल्या गाई आणि वडिलांचा ताप: ब्रुसेलोसिसविषयी एका पशुवैद्यकाचे उत्तर

सिन्नर तालुक्यातील एका तरुण दूध उत्पादकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गोठ्यात नऊ संकरित गाई आणि दोन कालवडी आहेत. गेल्या अडीच महिन्यांत तीन गाई गाभडल्या, म्हणजे त्यांचा गर्भपात झाला, एक सातव्या महिन्यात आणि दोन आठव्या महिन्यात. दोघींची वार (गर्भाभोवतीचे आवरण) पडली नाही, ती वडिलांना हाताने काढावी लागली. एका गाईचे रक्त तपासले तेव्हा ब्रुसेलोसिस, म्हणजे जनावरांना गाभडवणारा आणि माणसालाही ताप आणणारा जिवाणूंचा आजार, असल्याचे कळले. या गाई औषधाने बऱ्या होतील का, त्या विकून टाकाव्यात का, दूध प्यावे का आणि उरलेल्या गाईंना लस द्यावी का, असे चार प्रश्न आहेत. शेवटी एक ओळ आहे: ६१ वर्षांच्या वडिलांना पाच आठवड्यांपासून ताप येतो-जातो, टायफॉइडची औषधे दोनदा झाली, हा त्याचाच प्रकार असेल का?

मी नाशिक जिल्ह्यात सत्तावीस वर्षे जनावरांवर उपचार करतो आहे. वडिलांचा ताप तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिला आहे, पण मी उत्तराची सुरुवात तिथूनच करतो, कारण गाईंचा निर्णय पंधरा दिवस लांबला तरी चालेल, वडिलांचा लांबू नये.

उद्याच त्यांना एखाद्या अनुभवी फिजिशियनकडे न्या आणि तापाचे वर्णन करण्याआधी हे सांगा: आमच्या गोठ्यात तीन गाई गाभडल्या आहेत, त्यांतील एकीला ब्रुसेलोसिस निघाला आहे आणि दोघींची वार वडिलांनी स्वतःच्या हाताने काढली आहे. हे सांगितले नाही तर डॉक्टरांना हा आजार सुचण्याचे काही कारण नसते. संध्याकाळी चढणारा आणि पहाटे दरदरून घाम येऊन उतरणारा ताप, कंबर आणि सांधे धरणे, भूक मरणे, कशातही मन न लागणारा थकवा, ही सगळी लक्षणे मलेरिया, टायफॉइड आणि क्षयरोग यांच्याशी इतकी मिळतीजुळती आहेत की केवळ तपासून फरक करणे कुणालाही अवघड जाते. टायफॉइडसाठी केली जाणारी विडाल चाचणी आपल्या भागात अनेकांमध्ये कमी-अधिक प्रमाणात सकारात्मक येते, त्यामुळे टायफॉइडचा शिक्का लवकर बसतो. त्यावर दिलेल्या प्रतिजैविकाने ताप काही दिवस दबतो, माणूस कामाला लागतो, आणि दोन-तीन आठवड्यांनी सारे पुन्हा सुरू होते. पूर्वीच्या डॉक्टरांनी याला लाटेसारखा चढउतार करणारा ताप म्हटले होते, ते याचसाठी.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. व्यवसायाच्या तिसऱ्या वर्षी दिंडोरी तालुक्यात एका गाईची अडकलेली वार काढताना माझा हातमोजा फाटला. दुसरा जवळ नव्हता आणि गाय वेदनेत होती, म्हणून मी तसेच काम उरकले. बोटांवर विळ्याने कापल्याच्या दोन ताज्या खुणा होत्या. चौथ्या आठवड्यात ताप आला. रात्रीतून दोनदा बनियन बदलावी लागे आणि सकाळी बुटाची नाडी बांधायला वाकता येत नसे. दोन महिने मलेरिया आणि टायफॉइडची औषधे झाल्यावर एका ज्येष्ठ पशुवैद्यकाने मला एवढेच विचारले, की तापाच्या आधी वार कधी काढली होतीस? त्यानंतरच योग्य तपासणी झाली. पुढची चूक माझी स्वतःची होती. सहा आठवड्यांचा औषधोपचार चौथ्या आठवड्यात, बरे वाटते म्हणून, मी थांबवला आणि तीन महिन्यांनी तोच ताप पुन्हा अंगावर घेतला.

माणसाचे निदान रक्तातील प्रतिपिंडांच्या चाचण्यांनी होते. रोझ बेंगॉल ही झटपट चाचणी, नंतर ट्यूब अ‍ॅग्लुटिनेशन किंवा एलायझा, आणि शक्य असेल तेव्हा रक्ताचे कल्चर, म्हणजे रक्तातील जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून पाहणे. कल्चरला रक्त देताना ब्रुसेला या जिवाणूचा संशय असल्याचे प्रयोगशाळेला आधी कळवायला सांगा. हा जिवाणू सावकाश वाढतो, त्यामुळे नमुना लवकर टाकून देण्याची शक्यता असते, आणि तो हवेतून तंत्रज्ञाच्या श्वासात गेला तर त्यालाही आजार होतो. औषधे कोणती द्यायची हे तुमचे डॉक्टर ठरवतील. सर्वमान्य पद्धत अशी आहे की डॉक्सिसायक्लिन सहा आठवडे आणि त्याच्या जोडीला एकतर तितकेच दिवस रिफाम्पिसिन किंवा सुरुवातीचे दोन-तीन आठवडे स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने द्यायची. रिफाम्पिसिन हे क्षयरोगाचेही औषध असल्याने क्षयरोग नाही याची खात्री आधी करून घेणे आवश्यक असते. त्याने लघवी केशरी-लाल होते. ते पाहून अनेकजण घाबरून गोळ्या सोडतात, तसे होऊ देऊ नका. कंबरदुखी जास्त असेल तर मणक्याची तपासणी करावी लागेल. क्वचित हा जिवाणू हृदयाच्या झडपांवर बसतो आणि या आजारातील बहुतेक मृत्यू त्यामुळेच होतात. पुरुषांमध्ये अंडकोषाला सूज येणे हेही एक लक्षण आहे, आणि संकोचाने ते सांगितले जात नाही. वडिलांना एकांतात विचारा. घरात ज्यांनी त्या गाईंची धार काढली, गोठा झाडला किंवा वासरू उचलले, त्या सर्वांचे रक्त याच वेळी तपासून घ्या. घरात कुणी गरोदर असेल तर तिने व्यायला आलेल्या किंवा गाभडलेल्या जनावराजवळ जायचेच नाही.

आता गाईंकडे येऊ. गाई-म्हशींमध्ये हा आजार प्रामुख्याने ब्रुसेला अबॉर्टस या जिवाणूमुळे होतो. डेन्मार्कच्या बर्नहार्ड बँग यांनी १८९७ मध्ये तो गाभडलेल्या गाईंमधून शोधून काढला. गाभण गाईच्या गर्भाशयात आणि वारेत एरिथ्रिटॉल नावाची एक शर्करा असते, आणि तिच्या सान्निध्यात हा जिवाणू झपाट्याने वाढतो. गाभण नसलेल्या गाईत किंवा लहान कालवडीत तो शरीरातील लसिकाग्रंथींमध्ये गप्प पडून राहतो. गाभ मोठा झाला की वारेवर हल्ला होतो, वासराचे पोषण तुटते आणि साधारण पाचव्या महिन्यानंतर, बहुधा सातव्या-आठव्या महिन्यात, गाय गाभडते. सुजलेली वार गर्भाशयाला चिकटून राहते, म्हणून ती पडत नाही. बहुतेक गाई एकदाच गाभडतात. पुढच्या वेताला वासरू जिवंत येते, गाय दूध देते, आणि मालकाला वाटते की संकट टळले. प्रत्यक्षात ती पुढच्या प्रत्येक वेताच्या वेळी स्रावातून, आणि अधूनमधून दुधातून, जिवाणू बाहेर टाकत राहते. गोठ्यातील सर्वांत धोकादायक गाय बहुधा हीच असते, कारण तिच्याविषयी कुणाला शंका येत नाही.

म्हणून औषधाने गाय बरी होईल का, याचे उत्तर नाही असे आहे. जिवाणू शरीराच्या पेशींच्या आत राहतो. गाईच्या वजनाच्या प्रमाणात दीर्घकाळ औषधे देणे परवडत नाही, दिली तरी रोग मुळापासून जाण्याची खात्री नसते, आणि तेवढे दिवस औषधाचा अंश दुधात उतरत राहतो तो वेगळाच. कुणी ‘कोर्स’ करून गाय साफ करून देतो म्हणाले तर पैसे देऊ नका.

एक दृश्य मी इतक्यांदा पाहिले आहे की ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पहाटे गाय गाभडते. दिवे लागलेले असतात, धारेची वेळ असते. घरातील बाई हातातल्या बांगड्या कोपराकडे सारून ते वासरू उचलते आणि घमेल्यात घालून उकिरड्यावर टाकते. वारेचा लोंबणारा भाग गाईच्या शेपटीला लागतो आणि ती शेपूट झटकते, तसे थेंब शेजारच्या गाईच्या गव्हाणीत, कडब्यावर आणि धार काढणाऱ्याच्या चेहऱ्यावर उडतात. उजाडेपर्यंत कुत्रे वासरू ओढत शेजाऱ्याच्या मळ्यात नेते. मग तेच हात पाण्याने खळबळून दुसऱ्या गाईच्या कासेला लागतात. वारेच्या आणि स्रावाच्या थेंबाथेंबात जिवाणूंची अगणित संख्या असते, आणि ते तोंडावाटे, डोळ्यांतून, श्वासातून किंवा कातडीवरच्या बारीक चिरेतून आत जातात. सरळ उन्हात ते काही तासांत मरतात, पण ओलसर सावलीत, शेणात आणि टाकलेल्या वासरात आठवडेच काय, थंडीच्या दिवसांत महिनोन्‌महिने जगतात.

तेव्हा यापुढे गाय गाभडली की आधी हातमोजे, गमबूट, तोंडाला फडके आणि डोळ्यांवर चष्मा. वासरू, वार आणि खाली पडलेला भुस्सा विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब, कंबरेपेक्षा खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचा, वर काटेरी फांद्या आणि दगड रचायचे म्हणजे कुत्री उकरणार नाहीत. जमीन आधी खरवडून शेण काढून टाका आणि मगच ब्लीचिंग पावडरचे किंवा जंतुनाशकाचे पाणी मारा. शेणावर ओतलेल्या ब्लीचिंगची ताकद शेणातच संपते, आणि हे बहुतेकांना माहीत नसते. गाय किमान तीन आठवडे, स्राव पूर्ण थांबेपर्यंत, वेगळी बांधा. मुक्त गोठा असेल तर तिच्यासाठी कोपऱ्यात वेगळे कुंपण घाला, तिचे पाणी आणि गव्हाण वेगळी ठेवा. वार हाताने ओढून काढण्याची पद्धत बंद करा. गाईला ताप नसेल आणि ती चारा खात असेल तर वार गळून पडेपर्यंत थांबता येते, ताप असेल तर डॉक्टरांना बोलवा. तुमच्या भागातून निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांना शेणखताच्या ट्रॉल्या जातात. या गोठ्याचे ताजे शेण सध्या विकू नका, ढीग झाकून काही महिने चांगले कुजू द्या.

दुधाविषयी माझे मत ठाम आहे. व्यवस्थित उकळी आलेल्या किंवा पाश्चराइज केलेल्या दुधात हा जिवाणू उरत नाही, त्यामुळे उकळलेल्या दुधाचा चहा, त्याचे विरजण, लोणी, तूप यांत भीती नाही. भीती आहे ती धारोष्ण दुधाची, न उकळलेल्या दुधाच्या सायीची आणि कच्च्या दुधाच्या ताकाची. आंबटपणाने जिवाणू नक्की मरतो असे समजू नका. बाधित गाईचे दूध रतिबाला कच्चे देऊ नका. वासराला चीक आणि दूध निरोगी गाईचे पाजा, ते शक्य नसेल तर दूध उकळून, कोमट करून पाजा.

इथे शेळीचा उल्लेख करणे मला भाग आहे, कारण डेंग्यूच्या साथीत नाशिक शहरातून लोक आमच्या खेड्यांत शेळीचे कच्चे दूध शोधत येतात आणि ते आजारी माणसाला, अगदी लहान मुलांनाही, न उकळता पाजतात. शेळ्या-मेंढ्यांमधील ब्रुसेला मेलिटेन्सिस हा माणसासाठी गाईच्या प्रकारापेक्षा अधिक तीव्र आहे. ब्रिटिश लष्करी डॉक्टर डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये माल्टा बेटावर मेलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या प्लीहेतून हा जिवाणू वेगळा केला, पण तो येतो कुठून हे पुढे अठरा वर्षे कुणाला कळले नाही. १९०५ मध्ये माल्टाचेच डॉक्टर थेमिस्टोक्लीस झामित यांनी दिसायला निरोगी असलेल्या शेळ्यांचे रक्त तपासले आणि रोग दुधातून येतो हे उघड झाले. पुढच्याच वर्षी सैन्यातले शेळीचे दूध बंद झाले आणि रुग्ण झपाट्याने कमी झाले. डेंग्यूत घटलेल्या प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) वाढतील या आशेने दिलेले कच्चे दूध आधीच खचलेल्या शरीरात महिनोन्‌महिन्यांचा दुसरा ताप घालू शकते. कांदा निघाल्यावर शेतात मेंढ्या बसवणाऱ्यांनीही विचारून घ्यावे, की कळपात नुकत्याच मेंढ्या गाभडल्या आहेत का.

एका गाईच्या तपासणीवर थांबू नका. उरलेल्या सर्व गाईंचे रक्त तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत पाठवा. पुण्याला औंध येथे पशुसंवर्धन विभागाची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे, तिथे या तपासण्या होतात. नुकत्याच गाभडलेल्या गाईची पहिली चाचणी कधीकधी नकारात्मक येते, म्हणून तीन-चार आठवड्यांनी पुन्हा रक्त घ्या. पूर्वी लस दिलेली गाय असेल तर ते नमुन्यासोबत लिहून द्या, कारण लसीमुळेही चाचणी सकारात्मक दिसू शकते. पुढे पुन्हा गाय गाभडलीच तर वासराच्या पोटातील द्रव आणि वारेचा तुकडा बर्फात ठेवून पाठवता येतो, तो फॉर्मेलिनमध्ये बुडवू नका. तिन्ही गर्भपात ब्रुसेलामुळेच झाले असे गृहीत धरू नका. लेप्टोस्पायरा हा जिवाणू, आयबीआर हा विषाणूजन्य आजार, गोचिडांमुळे होणारा थायलेरिया आणि बुरशी आलेला चारा यांनीही गाय गाभडते. तरीही सातव्या-आठव्या महिन्यात लागोपाठ तीन गाई आणि अडकलेली वार, या चित्रात ब्रुसेलाचा संशय सर्वांत वर असतो.

आता विकण्याविषयी. मला तुमची अडचण समजते. कर्जावर घेतलेली गाय, गाभडल्याने बुडालेले वेत, रोजचे पशुखाद्य, आणि वर हा रोग. पण या रोगाला गावोगाव नेणारे सर्वांत मोठे वाहन म्हणजे गाभडलेली गाय, जी पुन्हा भरवून, तिचा इतिहास न सांगता आठवडे बाजारात उभी केली जाते. तुमच्या गोठ्यातही तो बहुधा असाच आला असेल. गेल्या दोन वर्षांत कोणती गाय कुठून आणली ते आठवून पाहा. हीच गाय उद्या इगतपुरी-त्र्यंबकच्या एखाद्या आदिवासी कुटुंबाकडे गेली, तर रानात एकत्र चरणाऱ्या डांगी जनावरांत रोग शिरेल आणि तिथे ना तपासणी होईल ना निदान.

ज्या देशांनी हा रोग संपवला, त्यांनी बाधित जनावरे शोधून, मालकाला भरपाई देऊन ती कापली. ऑस्ट्रेलियाने त्या मार्गाने १९८९ मध्ये गाईंमधील ब्रुसेलोसिसपासून मुक्ती जाहीर केली. आपल्याला तो मार्ग मोकळा नाही. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईची, आणि २०१५ च्या दुरुस्तीनंतर बैल-वळूंचीही, कत्तल बंद आहे. आपला दूधधंदा दोन-चार गाईंच्या लाखो गोठ्यांवर उभा आहे, आणि सकारात्मक निघालेल्या गाईची भरपाई मिळेल असा भरवसा शेतकऱ्याला नसतो. कायदा मालकाने कळवावे असे सांगतो, २००९ च्या केंद्रीय कायद्यात तशी तरतूद आहे, परंतु ज्याला कळवल्याने फक्त तोटाच होणार आहे तो गप्प बसतो, यात मला शेतकऱ्याचा दोष कमी आणि व्यवस्थेचा अधिक वाटतो. आफ्रिकेतील आणि पश्चिम आशियातील अनेक देशांचीही अडचण हीच आहे. तरीही दवाखान्याला लेखी कळवा, कारण त्याशिवाय आजूबाजूच्या गोठ्यांची तपासणी सुरू होणार नाही.

तुमच्या हाती उरतो तो वेगळे ठेवण्याचा मार्ग. सकारात्मक गाई कायमच्या एका बाजूला बांधा, त्यांची धार शेवटी काढा, त्यांना गावच्या वळूकडे नेऊ नका, आणि त्या विणार असतील तेव्हा कडेला ठरवून ठेवलेल्या एकाच जागी विऊ द्या. गोशाळेत किंवा पांजरपोळात द्यायची वेळ आली तर आजार आधी सांगा. नवी गाय तपासून घ्या, महिनाभर वेगळी बांधा, पुन्हा तपासा, आणि ती गाभण असेल तर व्याल्यावर तिसऱ्यांदा तपासा.

लसीबाबत सर्वांत जास्त गैरसमज आहे. आपल्याकडे वापरली जाणारी स्ट्रेन १९ ही जिवंत लस आहे. ती फक्त चार ते आठ महिने वयाच्या मादी वासरांना, म्हणजे कालवडींना आणि पारड्यांना, आयुष्यात एकदा द्यायची असते. गाभण गाईला दिली तर लसीनेच ती गाभडू शकते, आणि नर वासराला दिली तर त्याचे वृषण खराब होऊ शकतात. बाधित गाईला तिचा काही उपयोग नाही. म्हणून तुमच्या उरलेल्या गाईंना ती द्यायची नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या खुरकूताबरोबर ब्रुसेलोसिसचाही समावेश आहे, आणि त्यातून ही लस मोफत मिळते. कानात बारा अंकी बिल्ला असेल तर नोंदही होते. अडचण लसीची नसून वयाची असते. लसीकरणाचे पथक येते तेव्हा वासरू तीन महिन्यांचे असते, पुन्हा येते तेव्हा दहा महिन्यांचे. जन्मतारीख गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा आणि पाचवा महिना लागला की स्वतः दवाखान्यात जा. लस टोचणाऱ्यानेही हातमोजे आणि चष्मा वापरायला हवा, कारण सुई लागली किंवा थेंब डोळ्यात उडाला तर या लसीने माणसालाही आजार होतो. तसे झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

तुमच्या दोन कालवडींपैकी एक पाच महिन्यांची आहे असे तुम्ही लिहिले आहे, तिला याच आठवड्यात लस देऊन घ्या. दुसरी अकरा महिन्यांची आहे, तिचे वय टळले. ती बाधित गाईच्या पोटची असेल तर विशेष काळजी घ्या, कारण अशा थोड्या कालवडींत रोग जन्मापासून लपून असतो आणि पहिले वेत होईपर्यंत रक्ताच्या चाचणीत दिसत नाही. आज तिचे रक्त स्वच्छ आले तरी तिला विकू नका. ती पहिल्यांदा वेगळ्या जागी विऊ द्या, आणि त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी तिचे रक्त पुन्हा पाठवा.